वीस लिटरचा प्लास्टिक कॅन: भरणं, थप्पी आणि वाहतूक यांचं गणित

बेळगावहून जांबोटी, चोर्ला करत गोव्याकडे उतरलेल्या टेम्पोची ताडपत्री सोडली, की कधीकधी खालच्या थरातला एखादा कॅन ओला निघतो. आत फिनेल असो, खाद्यतेल असो की काकवी, दोष आधी ड्रायव्हरला लागतो, मग हमालाला. ‘नीट रचलं नव्हतं’ एवढ्यावर विषय संपतो. पण अनेकदा ही गळती घाटात सुरू झालेली नसते. कॅनची मापं कागदावर ठरली, तेव्हाच तिची सुरुवात झालेली असते.

कॅनला तीन परीक्षा द्याव्या लागतात. तो पटकन आणि न सांडता भरला गेला पाहिजे, एकावर एक रचला तरी टिकला पाहिजे आणि गाडीत जागा वाया न घालवता बसला पाहिजे. यातल्या एकीत नापास झाला, तर बाकी दोन्हींचा फायदा वाहून जातो. त्यामुळे चांगल्या कॅनची आखणी बाटलीकडून गाडीकडे होत नाही. ती उलटी, गाडीकडून बाटलीकडे होते.

नाव ‘जेरी’ कॅन का?

आज ज्याला जेरीकॅन म्हणतात, त्याचा मूळ नमुना पत्र्याचा होता. जर्मन सैन्यासाठी १९३७ च्या सुमारास श्वेल्म गावच्या म्युलर कंपनीत तो तयार झाला. व्हिन्झेन्झ ग्र्युनफोगेल हे तिथले मुख्य अभियंता. डबा वीस लिटरचा, आयताकृती. ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, त्यावरून पुढे हे नाव पडलं.

त्याच काळात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य पातळ पत्र्याच्या चार गॅलनी डब्यांतून पेट्रोल नेत होतं. ते इतके गळत की सैनिकांनी त्यांचं नावच ‘फ्लिम्झी’, म्हणजे तकलादू, असं ठेवलं होतं. हाती लागलेला जर्मन डबा पाहिल्यावर ब्रिटिशांनी आणि अमेरिकनांनी त्याची सरळ नक्कल केली.

त्या डब्यात तीन गोष्टी होत्या. एक, वर तीन दांड्या. मधली धरून एकट्याने भरलेला डबा उचलायचा, बाहेरच्या दोन धरून दोघांनी. रिकामे असतील तर एका हातात दोन येतात. दोन, झाकण खटक्याचं. पाना नको, नरसाळं नको. तीन, भरल्यावरही दांड्यांखालच्या उंचवट्यात थोडी हवा अडकून राहायची. उन्हात पेट्रोल फुगलं तरी जागा असायची आणि भरलेला डबा पाण्यात पडला तरी तरंगायचा. बाजूंवरची फुलीसारखी खाच शोभेची नव्हती. ती पत्र्याला ताठपणा देत होती.

जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी १९५३ मध्ये कमी दाबाखाली पॉलिथिलीन बनवण्याची पद्धत शोधली आणि एचडीपीई हे हलकं, न गंजणारं प्लास्टिक मोठ्या प्रमाणावर मिळू लागलं. पत्र्याचा डबा प्लास्टिकचा झाला. पण आयताकृती अंग, वर दांडी, आत राखलेली हवा हा सांगाडा तोच राहिला.

मापं पॅलेटपासून ठरवा

गोल भांडं चौकोनी जागेत कधीच पूर्ण बसत नाही. सरळ ओळींत गोल डबे मांडले, तर जमिनीची साधारण ७८ टक्के जागाच वापरली जाते. एकाआड एक खाचेत बसवले तरी ९१ टक्क्यांच्या आत. उरलेल्या हवेचंही भाडं भरावं लागतं. चौकोनी कॅनचा पहिला फायदा हा.

पण नुसतं चौकोनी असून भागत नाही. गोदामात नेहमी दिसणारं एक पॅलेट १२०० × १००० मिलिमीटरचं असतं. कॅनचं बुड ३०० × २५० मिमी असेल, तर लांबीत चार आणि रुंदीत चार, म्हणजे एका थरात बरोबर सोळा कॅन बसतात. तेच बुड दोन्ही बाजूंनी फक्त एक सेंटिमीटर वाढलं, ३१० × २६० झालं, तर सरळ ओळींत तीन गुणिले चार, बाराच कॅन उरतात. एका सेंटिमीटरने थरातला चौथा हिस्सा माल खाली उतरवला.

पॅलेट न वापरणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू होतो. टेम्पोचा हौदा आतून सहा फूट रुंद आहे असं धरा, म्हणजे सुमारे १८३ सेंटिमीटर. ३० सेंटिमीटरचे सहा कॅन तिथे घट्ट बसतात. ३१ चे पाचच बसतात आणि कडेला जवळपास २८ सेंटिमीटरची फट राहते. घाटातल्या वळणावर थप्पी सरकते ती याच फटीकडे.

मोठ्या मापातही हेच तत्त्व दिसतं. लोखंडी पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या टाकीचं बुड सहसा १२०० × १००० मिमीच असतं. ते माप टाकीचं नाही, पॅलेटचं आहे.

भरल्यावर कॅन फुगतो

कागदावर ३०० मिमीचा कॅन भरल्यावर ३०० मिमीचा राहत नाही. आतलं द्रव चारही बाजूंना ढकलतं आणि सपाट भिंतीला मधोमध पोट येतं. सर्वांत मोठी भिंत सर्वांत जास्त फुगते. म्हणून जाणता साचेकार बुड पॅलेटच्या मापापेक्षा थोडं लहान धरतो, भिंती किंचित आत ओढलेल्या ठेवतो आणि त्यांवर आडव्या-उभ्या घड्या देतो. रिकामा असताना आत गेलेली भिंत भरल्यावर सपाट होते.

दुसरी बाब आकुंचनाची. साच्यातून बाहेर आलेलं गरम एचडीपीई थंड होताना साधारण दीड ते तीन टक्के आक्रसतं. साचा करताना हे धरलेलं असतं. पण ग्राहकाने मशीनवरून नुकताच निघालेला कॅन मोजून होकार देऊ नये. एक दिवस ठेवून, त्यात आपला माल पूर्ण भरून, मग पट्टी लावावी.

भार झाकणावर नाही, कोपऱ्यांवर

पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन साधारण २१ किलोचा होतो. तीन थरांच्या थप्पीत सर्वांत खालच्यावर ४२ किलो येतात. पॅलेटवर पॅलेट चढवलं की वर पाच कॅन होतात आणि भार शंभर किलोंच्या वर जातो. हा भार खाली उतरवण्याचं काम उभ्या कोपऱ्यांचं आहे.

गोची अशी, की ब्लो मोल्डिंगमध्ये कोपरेच सर्वांत पातळ होण्याचा धोका असतो. या पद्धतीत वितळलेल्या प्लास्टिकची नळी दोन अर्ध्या साच्यांत पकडून तिच्यात हवा भरतात. फुग्यासारखी पसरत ती साच्याला चिकटते. कोपऱ्यापर्यंत पोहोचायला तिला सर्वांत जास्त ताणावं लागतं. म्हणून कोपरा धारदार न ठेवता चांगला गोलसर ठेवतात आणि जिथे ताण जास्त, तिथे नळीची जाडी मशीनवरच वाढवून घेतात. दोन कॅन वजनाला सारखे असूनही एक टिकतो आणि एक बसतो, त्याचं एक कारण हे. वजन तेवढंच, पण प्लास्टिक चुकीच्या जागी साचलेलं.

वरच्या बाजूला दांडी आणि झाकण खांद्याच्या पातळीखाली, खोबणीत हवेत. वरच्या कॅनचं बुड चारही खांद्यांवर टेकलं पाहिजे, झाकणावर नाही. झाकणावर भार आला की आतली गादी दबते, आटे ढिले होतात आणि प्रत्येक खड्ड्याला थोडं द्रव बाहेर येतं. बुडाच्या कडा खालच्या कॅनच्या खांद्यांत अडकतील अशा असल्या, तर थप्पी वळणावर घसरत नाही.

रचण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. विटांसारखी सांधा मोडून रचलेली थप्पी एकमेकांत बांधली जाते, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर पडतो. कोपऱ्यावर कोपरा ठेवून रचलेली थप्पी जास्त भार पेलते. मात्र तिला बाहेरून पट्टी किंवा फिल्मने आवळावं लागतं. थरांमध्ये जाड पुठ्ठा घातला की भार सारखा वाटला जातो.

आणखी एक: प्लास्टिक लगेच मोडत नाही, हळूहळू वाकतं. सोमवारी सरळ उभी असलेली थप्पी उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली पंधरा दिवसांनी कललेली दिसते. त्यामुळे तासाभराची चाचणी काहीच सांगत नाही.

भरताना: आत द्रव, बाहेर हवा

कॅनमध्ये एक लिटर द्रव शिरायचं, तर एक लिटर हवा बाहेर पडली पाहिजे. तोंड अरुंद आणि नोझल जाड असेल, तर दोघांची वाट एकच होते. मग द्रव उसळतं, कॅन बाहेरून माखतो आणि लेबल चिकटत नाही. नोझलभोवती हवेला पुरेशी फट राहील एवढं तोंड हवं. वीस ते तीस लिटरच्या कॅनना ६१ मिमीचं तोंड बरंच वापरलं जातं, लहान कॅनना ५१ मिमीचं.

फिनेल, लिक्विड साबण अशा फेसाळ मालाला नोझल बुडापर्यंत सोडून, पातळी चढेल तसं वर घ्यावं लागतं. त्यासाठी तोंडाखाली सरळ मोकळी वाट हवी. तोंड कोपऱ्यात असलं तर ओतायला सोपं जातं आणि शेवटचा थेंबही निघतो. पण भरण्याच्या ओळीत प्रत्येक कॅन एकाच दिशेला तोंड करून यावा लागतो. तोंड मधोमध असलं तर ओळ सोपी, ओतणं अवघड. दोन्हींत कुठेतरी तडजोड करावीच लागते.

पोकळ दांडीचा उपयोगही इथे होतो. कॅन तिरपा केल्यावर तिच्यातून हवा मागे जाते आणि द्रव गचके न देता ओतलं जातं. दांडीवर साच्याच्या सांध्याची धार राहिली, तर मात्र दिवसभर कॅन उचलणाऱ्या हमालाच्या तळहाताला चिरा पडतात. दांडीत हातमोज्यासकट चार बोटं जातात का, हे पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही.

वर किती जागा सोडायची?

काठोकाठ भरलेला कॅन प्रामाणिक दिसतो, पण धोक्याचा असतो. द्रव तापलं की वाढतं. वीस लिटर खाद्यतेल २० अंशांवर भरलं आणि बंद गाडीत ५५ अंशांपर्यंत तापलं, तर ते साधारण अर्धा लिटर वाढतं. पाणी पाव लिटरच्या आसपास वाढतं. धोकादायक द्रवांच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींवर आधारलेले नियम सांगतात, की ५५ अंशांवरही कॅन पूर्ण भरलेला असता कामा नये. म्हणून ‘वीस लिटर’च्या कॅनची काठोकाठ क्षमता वीसपेक्षा जास्तच ठेवावी लागते.

पण फार मोकळी जागाही बरी नाही. योग्य भरलेल्या, घट्ट बंद कॅनमध्ये आतलं द्रव भिंतींना आधार देतं. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये सगळा भार एकट्या प्लास्टिकवर येतो आणि ब्रेक लागला की आतलं द्रव हिंदकळून थप्पीला धक्के देतं.

तापमानाचा हा खेळ गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत जातो. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतो, तर ६० अंशांना ८९३ ग्रॅमच्या आसपास. काही उत्पादक जास्त तापमान लिहून लिटरचं माप देत असल्याचं दिसल्यावर, ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सूचना दिली: तापमानाचा उल्लेख न करता माप लिहा आणि सोबत वजनही छापा. त्यामुळे तेल भरणाऱ्याने लिटरच्या खुणेपेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा.

माल बदलला की कॅन बदलतो

काकवी पाण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जड असते. त्याच वीस लिटरच्या कॅनमध्ये ती २६-२७ किलो होते. पाण्याच्या हिशेबाने काढलेली थप्पीची उंची तिला चालत नाही. ती गरम भरली, तर प्लास्टिक मऊ पडतं, आणि निवताना आत पोकळी तयार होऊन भिंती आत ओढल्या जातात. साधी पेटची बाटली ७० अंशांच्या पुढे आकारच सोडू लागते.

कोकमाचं आगळ आंबट आणि खारट. ते पत्र्याला खातं, एचडीपीईला नाही. इथे प्लास्टिकच योग्य. खाण्याच्या मालासाठी मात्र कच्चा माल आयएस १०१४६ या मानकात बसणारा आहे का, हे पुरवठादाराला विचारलंच पाहिजे. रसायनाचा कॅन धुऊन त्यात पाणी किंवा तेल भरणं हा काटकसरीचा नव्हे, विषबाधेचा मार्ग आहे.

साबण आणि डिटर्जंट यांचा त्रास वेगळा. ते एचडीपीई विरघळवत नाहीत. पण ताणाखाली असलेल्या जागी, विशेषतः बुडाच्या कोपऱ्यात, काही आठवड्यांनी बारीक तडे पाडतात. पाणी भरून पास झालेला कॅन फिनेल भरून नापास होतो, तो असा. अशा मालासाठी तड्यांना दाद न देणारी प्रत मागावी लागते.

सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीचचं द्रावण आपोआप वायू सोडतं. त्याला हवा जाऊ देणारं झाकण लागतं, आणि असा कॅन गाडीत आडवा ठेवून चालत नाही.

रिकाम्या कॅनचं भाडं

चौदा फूट लांब, सहा फूट रुंद, सहा फूट उंच हौद्याची, चार टन वाहणारी गाडी धरा. भरलेले कॅन १९० चढवले की वजन संपतं, निम्मी उंची मोकळीच राहते. रिकामे कॅन मात्र पाचशेच्या आसपास बसतात आणि त्यांचं वजन अर्धा टनभर. भरलेल्यांना वजन संपतं, रिकाम्यांना जागा संपते. पुण्या-मुंबईहून रिकामे कॅन मागवणारा छोटा उद्योजक मुख्यतः हवेचं भाडं भरत असतो.

रंगाची बादली वरून रुंद, खाली निमुळती का, याचं उत्तर इथे आहे. रिकाम्या बादल्या एकीत एक बसतात. पाण्याच्या बाटल्यांचे कारखाने बोटभर प्रीफॉर्म मागवून बाटली आपल्याच जागी फुगवतात, तेही याचसाठी. कॅनला ही सोय नाही. म्हणून कॅन जवळच्या मोल्डरकडून घेणं, किमतीत रुपया-दोन रुपये जास्त पडले तरी, अनेकदा स्वस्तच ठरतं.

दुधाच्या जगचा धडा

अमेरिकेत २००८ मध्ये मोठ्या दुकानसाखळ्यांनी गॅलनभर दुधाचा चौकोनी जग आणला. आधीचे जग क्रेटमध्ये न्यावे लागत. क्रेट परत आणा, धुवा, पुन्हा पाठवा. नवा जग पुठ्ठ्याचे थर घालून एकावर एक थेट रचता येत होता. क्रेट गेले, धुण्याचं पाणी वाचलं, गाडीत जास्त दूध मावू लागलं.

पण घरी गिऱ्हाईक वैतागलं. रुंद, सपाट तोंडातून दूध ओट्यावर सांडायला लागलं. दुकानांत जग कसा कलवायचा याची प्रात्यक्षिकं द्यावी लागली. गाडीची परीक्षा उत्तम पास झालेला जग पेल्याजवळ अडखळला. गाडीपासून आखणी सुरू करायची, पण ओतणाऱ्या हातापर्यंत न्यायची, एवढा त्याचा धडा.

बुडावर काय लिहिलेलं असतं?

धोकादायक द्रवांसाठीच्या कॅनवर ‘३एच१’ असा संकेत ठोकलेला असतो. ३ म्हणजे जेरीकॅन, एच म्हणजे प्लास्टिक, १ म्हणजे वरचा भाग न उघडणारा. या नियमांत जेरीकॅन साठ लिटरपर्यंतच धरला जातो. त्याला तीन मीटर उंच थप्पीइतका भार, किमान ४० अंशांत, २८ दिवस पेलून दाखवावा लागतो. उणे १८ अंशांपर्यंत थंड करून उंचावरून टाकूनही पाहतात. मध्यम धोक्याच्या मालासाठी ही उंची साधारण १.२ मीटर असते. घड्याळासारख्या वर्तुळात बनवल्याचा महिना दिसतो. सामान्यतः पाच वर्षांनंतर असा कॅन त्या मालासाठी वापरता येत नाही.

काकवी किंवा आगळाला हे नियम लागू नाहीत. पण चाचणीची कल्पना उसनी घ्यायला कोणाची हरकत नाही.

ऑर्डर देण्याआधी

- आपला माल भरून कॅन मोजा. फुगल्यावरची लांबी-रुंदी आपल्या पॅलेटला किंवा हौद्याला भागते का पाहा.
- दोन-तीन कॅन उभे चिरून कोपऱ्यांची आणि बुडाची जाडी पाहा. नुसत्या वजनावर सौदा करू नका.
- खऱ्या मालाने भरलेली, खऱ्या उंचीची थप्पी शेडमधल्या सर्वांत गरम कोपऱ्यात महिनाभर ठेवा.
- भरलेला कॅन झाकणावर उलटा करून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी डाग दिसला, तर झाकण किंवा तोंड बदला. हवा जाऊ देणाऱ्या झाकणाला ही चाचणी लावू नका.
- रोज कॅन उचलणाऱ्या माणसाला दांडी धरायला द्या आणि त्याचं मत घ्या.

पाचही गोष्टींना मिळून महिनाभर लागतो, खर्च थोडका येतो. साचा एकदा पोलादात कोरला गेला, की त्यातली एका सेंटिमीटरची चूक निघणाऱ्या प्रत्येक कॅनबरोबर घाट उतरत राहते.